शेवट सांगितला तर उरलं काय?

पत्र थोडक्यात असं: कोल्हापुरातल्या एक ताई, वय चाळिशीच्या आसपास, माध्यमिक शाळेत शिक्षिका, हौशी रंगभूमीसाठी बरीच वर्षं एकांकिका लिहिणाऱ्या. त्यांनी एका रहस्यमालिकेचा १४० पानी आराखडा तयार केला आहे. पन्हाळ्याच्या पायथ्याला एका एकत्र कुटुंबाचं गुऱ्हाळ. हंगामातल्या पहिल्या आधणाच्या रात्री म्हातारा गुळव्या, म्हणजे गूळ शिजवणारा कारागीर, नाहीसा होतो. घरातल्या आणि गुऱ्हाळावरच्या नऊ जणांवर संशय. मुंबईतल्या एका निर्मिती संस्थेतल्या ओळखीच्या माणसानं ‘एक पान पाठवा, शेवटासकट’ असं कळवलंय. ताईंना शेवट सांगायचा नाही. सांगितला तर मालिकेत उरलं काय, आणि कुणी उचलली तर? दुसरीकडे एक गृहस्थ ‘थेट चॅनेलच्या हेडशी गाठ घालून देतो’ म्हणत ५० हजार मागताहेत. यजमान म्हणतात, वर्षभर बिनपगारी रजा घे आणि मुंबईला जा. ‘काय करू?’ असं ताई विचारतात.

ताई,

तुमचे प्रश्न तीन दिसतात, पण तिन्हींच्या मुळाशी समजूत एकच आहे. रहस्यमालिकेची सगळी किंमत तिच्या उत्तरात असते, तेवढं राखलं की सगळं राखलं, असं तुम्ही धरून चालला आहात. एकांकिकेत हे खरं असतं. तिथं पाऊण तास ताणायचं आणि पडदा पडता पडता फोडायचं. रोजच्या मालिकेचा हिशेब मात्र एकदा कागदावर मांडून बघा. अर्ध्या तासाच्या स्लॉटमधून जाहिराती वजा केल्या की हातात साधारण २२ मिनिटं उरतात. आठवड्याला सहा भाग धरले तर महिन्याला २६, वर्षाला तीनशेच्या वर. ‘गुळव्याचं काय झालं’ या एका प्रश्नावर तीनशे भाग कुणी बघत नाही. दुसऱ्या महिन्यात प्रेक्षक तो प्रश्न बाजूला ठेवतो आणि धाकटीनं थोरलीच्या कपाटाची किल्ली का लपवली, हे बघायला बसतो.

म्हणून चॅनेलवाले ‘शेवट काय’ विचारतात तेव्हा त्यांना तुमचं कोडं सोडवायचं नसतं. पाया पक्का आहे का, तेवढं तपासायचं असतं. त्यांचा पुढचा प्रश्न ठरलेला: ऐंशीव्या भागात काय चाललंय? ज्या लेखकाकडे फक्त शेवट असतो तो इथं गडबडतो. ज्याच्याकडे माणसं असतात तो बोलत राहतो.

तेव्हा पहिलं काम पात्रांचा तक्ता. एक मोठा कार्डशीट घ्या. डावीकडे नऊ नावं. वर पाच रकाने: बाहेरून कसा दिसतो, काय लपवतो, कुणापासून, कुणाला आधीच ठाऊक आहे, आणि फुटलं तर त्याचं काय जातं. तुमच्या पत्रात दिवाणजींबद्दल एवढंच आहे, ‘वरून साधे, आतून गूढ’. आतून गूढ म्हणजे काय हे लिहिलेलं नाही, आणि ‘गूढ’ शब्दाचं चित्रीकरण करता येत नाही. समजा, दिवाणजी मार्केट यार्डात गेलेले गुळाचे रवे (ढेपा) वहीत कमी दाखवतात. घरमालकापासून हे लपलंय, ट्रॅक्टरवाल्याला ठाऊक आहे, आणि फुटलं तर मुलीचं ठरलेलं लग्न मोडतं. त्या रात्री ते वही दडवायला गेले होते, म्हणून ‘कुठं होता’ या प्रश्नाला खोटं बोलतात. गुळव्याच्या नाहीसं होण्याशी त्यांचा काडीचा संबंध नाही, तरी सहा आठवडे संशय त्यांच्यावर राहू शकतो. वही सापडते तेव्हा संशय फिटतो, पण लग्न मोडतं, आणि मोडलेल्या लग्नातून पुढचा ट्रॅक, म्हणजे उपकथानक, निघतो. असा एक रकाना भरला की दीड महिन्याची मालिका तुमच्या हातात आली.

नऊ माणसांच्या जोड्या ३६ होतात. सगळ्या भरायची गरज नाही. निदान बारा जोड्यांत काहीतरी अडकलेलं हवं: देणं, उपकार, जुनी सोयरीक, पाहिलेली पण न सांगितलेली गोष्ट. ज्या पात्राच्या जोड्या रिकाम्या राहतात ते काढून टाका किंवा दुसऱ्यात मिसळा. बहुधा तुमचे नऊ सात होतील. ते चांगलंच, आणि त्याचं एक कारण पैशाचं आहे. मालिकेच्या सेटवर बारा तासांच्या शिफ्टमध्ये जवळपास एक भाग निघावा अशी अपेक्षा असते. नऊ जण एका चौकटीत असलेला प्रसंग घेतला की आधी मास्टर (सगळ्यांचा एकत्र शॉट), मग प्रत्येकाचा क्लोज (जवळून चेहरा), आणि दर वेळी प्रकाशयोजनेत बदल. एका पंगतीच्या दृश्यात अर्धा दिवस जातो. शिवाय कलाकार महिन्यातले ठरावीकच दिवस देतात, नाटकाचे दौरे असले तर त्याहून कमी. म्हणून प्रसंग दोघा-तिघांचे लिहा आणि सगळे एकत्र आठवड्यातून एकदाच आणा, तेही काही फुटणार असेल तेव्हा. तुमच्या आराखड्यातल्या पहिल्या पाच भागांत अख्खं घर एकत्र असलेले चौदा प्रसंग आहेत. निर्मात्याचा माणूस ते वाचतानाच मनात खर्च मांडतो.

चॅनेलच्या बैठकीत हमखास येणारा आणखी एक प्रश्न: हे घर कुणाच्या डोळ्यांनी बघायचं? सगळी पात्रं सारखीच महत्त्वाची आहेत, असं तुम्ही अभिमानानं लिहिलंय. लेखनात ते खरंच असू द्या, पण प्रोमोत एक चेहरा लागतो. माझं मत विचाराल तर थोरली सून घ्या. ती बाहेरून आलेली असल्यानं प्रेक्षकाच्या वतीनं प्रश्न विचारू शकते, आणि घरचीच असल्यानं उत्तर मिळाल्यावर तिलाच सर्वांत जास्त भोगावं लागतं.

आता तुमची ओळ, म्हणजे मालिका एका वाक्यात सांगणारी. ‘कोल्हापूरच्या मातीतल्या नऊ माणसांची, नात्यांची आणि रहस्याची थरारक कहाणी.’ ही ओळ सांगलीच्या हळदीवर आणि नाशिकच्या द्राक्षांवरही चिकटेल. ओळीत कोण, काय हवंय, कशामुळे अडतंय आणि वेळ किती, एवढं यायला हवं. तुमच्याच कथेत एक धागा मागे पडलाय: गुऱ्हाळाच्या जमिनीच्या सातबाऱ्यावर इतर हक्कात गुळव्याचं नाव कुळ म्हणून लागलेलं आहे, हे तुम्ही चौऱ्याण्णवाव्या पानावर जाता जाता सांगता. ते पहिल्या पानावर आणा. त्याच्या सहीशिवाय जमिनीचा व्यवहार अडतो, आणि घरातल्या निम्म्या लोकांना तो व्यवहार हवा आहे. त्यात आणखी एक भर घाला. सात वर्षं ज्याचा ठावठिकाणा लागला नाही, त्याला मृत धरायची तरतूद आपल्या पुराव्याच्या कायद्यात आहे. गुळव्या नाहीसा झाला त्या रात्रीपासून सुरुवात करण्याऐवजी सात वर्षं पुरी व्हायला दोन महिने उरलेत, तिथून सुरुवात केली तर? मग ओळ अशी होते: ‘गुळव्या नाहीसा होऊन सात वर्षं व्हायला दोन महिने उरलेत, तो कायद्यानं मेला की जमीन विकायला मोकळी, आणि थोरल्या सुनेला त्याच्या हातचा ताजा गूळ बाजारात सापडतो.’ तारीख आली, लोभ आला, बाईला काम मिळालं. कुळाच्या वारसांचा मुद्दा मात्र महसुलातल्या वकिलाकडून पक्का करून घ्या; गुळव्याची मुलगी तुमच्या नऊंत आहेच, तिची सही हाच एक ट्रॅक होईल.

मोबाइलचं लोकेशन, गल्लीतला सीसीटीव्ही, बँकेचे व्यवहार यांची उत्तरं आराखड्यात आधीच लिहून ठेवा. ‘पोलिसांनी फोनचा रेकॉर्ड का नाही काढला?’ हा प्रश्न बैठकीतला सर्वांत ज्युनिअर माणूस विचारतो आणि सगळी खोली लेखकाकडे बघायला लागते.

शेवट कुठं लिहायचा, तर एका वेगळ्या पानावर, ‘उकल’ असं शीर्षक देऊन. एकपानी संकल्पनेत शेवटाचं एक वाक्य पुरे. कोणी, का, आणि सत्य कळल्यावर घरात काय बदलतं. यातला तिसरा भाग सर्वांत महत्त्वाचा, आणि तोच तुमच्याकडे नाही. उत्तर कळल्यावर घर जसंच्या तसं राहत असेल तर ती मालिका तिथंच संपते. चॅनेलला संपणारी मालिका चालते, पण दर गुरुवारी प्रेक्षकसंख्या मोजणाऱ्या बार्कचे आकडे (टीआरपी) येतात आणि त्यावर ‘लांबवा’ किंवा ‘गुंडाळा’ यातला एक निरोप कधीही येऊ शकतो. दोन्हींची तयारी लेखकाकडे हवी. उत्तर दोन थरांचं ठेवा: पहिला थर साठाव्या भागाच्या आसपास फुटला तरी समाधान व्हावं, दुसरा त्याच्याखाली शाबूत राहावा. गुंडाळायची वेळ आली तर पंधरा भागांत दोन्ही कसे उलगडतील, हेही अर्ध्या पानात लिहून ठेवा.

दुव्यांची एक वही वेगळी. कुठल्या भागात खूण पेरली, कुठल्या भागात तिची आठवण दिली, कुठं वापरली. प्रेक्षक एक भाग चुकवतो, स्वयंपाक करता करता ऐकतो. फक्त नजरेला दिसणारी खूण निम्म्या घरांत पोहोचतच नाही. आठवडाभरात ती निदान दोनदा कुणाच्या तरी बोलण्यात आली पाहिजे. उलट टोकाला जाऊन पुरुषोत्तम करंडक या एकांकिका स्पर्धेचे परीक्षक समोर बसल्यासारखं सूक्ष्म लिहिलंत तर शंभराव्या भागात उत्तर आल्यावर लोक म्हणतात, हे कधी दाखवलं होतं?

एक फाटा इथं तपासून घ्या, तुम्हीही आणि अशाच विचारात असलेल्या इतरांनीही. तक्ता भरल्यावर जर दिसलं की मुख्य उत्तर काढून घेतल्यावर लोकांमध्ये काहीच शिल्लक राहत नाही, तर ती रोजची मालिका नाही. ती ओटीटीवरची सात-आठ भागांची गोष्ट आहे, आणि त्यात कमीपणा काही नाही. तिथं मात्र सगळे भाग बहुधा आधी लिहून मागतात, संथपणा आणि अर्धवट सोडलेले धागे चालतात, घरातल्या सगळ्यांनी एकत्र बघावं ही अट नसते. तुमच्या कथेत तक्त्यापुरतं सामान आहे असं पत्रावरून दिसतं. रोजच्या मराठी मालिकेत एका वाड्यातलं मोठं कुटुंब आणि सगळ्यांवर संशय हा ऐवज चालल्याचं उदाहरण म्हणून झी मराठीवरची २०१६ची ‘रात्रीस खेळ चाले’ लोक घेतीलच. ते नाव तुम्ही घ्यायला हरकत नाही, पण लगेच वेगळेपण सांगा: तिथं कोकणातलं घर आणि भुताखेतांची छाया होती, इथं सातबारा आणि गूळ. उशिराच्या स्लॉटची मालिका म्हणून मांडायची की आठच्या कौटुंबिक स्लॉटची, हे आधी ठरवून जा. ‘कुठंही बसेल’ हे उत्तर म्हणजे कुठंच बसणार नाही.

दार कुठलं ठोठवायचं? चॅनेल सहसा मालिका निर्मिती संस्थेकडून घेतं, एकट्या लेखकाकडून नाही. रोजचा भाग वेळेत देण्याची जबाबदारी संस्थेची असते, पैसा तिच्याशी बोलतो. त्यामुळे ‘हेडशी थेट गाठ’ पडली तरी पुढचं वाक्य ‘कुठल्या प्रॉडक्शनबरोबर येताय?’ हेच असतं. ५० हजार मागणाऱ्या गृहस्थांना नमस्कार करा. या धंद्यात पैसे लेखकाकडे येतात, लेखकाकडून जात नाहीत. वाचनाची फी, नोंदणीची फी, ‘पायलटमध्ये (नमुना भागात) भागीदारी’ ही सगळी नावं वेगळी, प्रकार एकच. त्याऐवजी तुमच्या कथेच्या प्रकारच्या चार-पाच मालिकांची श्रेयनामावली थांबवून थांबवून वाचा. कथाविस्तार, पटकथा, संवाद, क्रिएटिव्ह हेड, कार्यकारी निर्माता ही नावं वहीत उतरवा. कुठली संस्था कशा प्रकारचं काम करते ते दोन संध्याकाळींत कळतं.

चोरीबद्दल. भीती अनाठायी नाही, पण तिचा उपाय लपवाछपवी हा नाही. कल्पनेवर कॉपीराइट नसतो, मांडणीवर असतो; सर्वोच्च न्यायालयानं १९७८च्या आर. जी. आनंद खटल्यात हेच सांगितलं. म्हणजे ‘गुऱ्हाळावर गुळव्या नाहीसा होतो’ एवढंच तोंडी सांगाल तर तुमच्या हातात काही नाही. सविस्तर लिहिलेला, नोंदवलेला, विश्वासानं दिलेला आराखडा असेल तर हात रिकामा नसतो. २००३ साली मुंबई उच्च न्यायालयानं झी टेलिफिल्म्स विरुद्ध संडायल कम्युनिकेशन्स या प्रकरणात विश्वासात घेऊन दिलेल्या तपशीलवार मालिका-संकल्पनेला संरक्षण मान्य केलं होतं. बघा, तपशील जितका जास्त आणि कागद जितके पक्के तितकी तुम्ही सुरक्षित. शेवट लपवलात तर तुमचा सर्वांत मौलिक तपशीलच नोंदीबाहेर राहतो. तेव्हा मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनचं सदस्यत्व घ्या, नोंदणी ऑनलाइन होते, आणि उकलीसकट सगळा आराखडा नोंदवूनच मग पाठवा. पाठवायचं ते ई-मेलनं, पीडीएफ करून, प्रत्येक पानावर नाव आणि तारीख. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचा आग्रह झाला तर ‘मेल केलाय’ एवढा निरोप द्या. प्रत्यक्ष भेटीत नॅरेशन, म्हणजे तोंडी कथाकथन, झालं की त्याच रात्री मेल टाका: आज अमुक अमुक यांच्यासमोर या मालिकेचं नॅरेशन दिलं, सोबत एकपानी जोडलंय. त्यांच्याकडून सही करायला कागद आला तर ‘आमच्याकडेही अशीच संकल्पना असू शकते’ असं कलम आहे का बघा. ते असतंच बहुधा. सही करायची की नाही हे आधीची नोंदणी किती पक्की आहे त्यावर ठरवा.

करार व्हायची वेळ आली तर चार गोष्टी लेखी: श्रेय नेमकं काय (संकल्पना, कथा, कथाविस्तार, पटकथा, संवाद हे मराठी मालिकेत वेगवेगळे असतात आणि पैसेही वेगवेगळे), संकल्पनेचे पैसे एकरकमी की दर भागामागे, दुसऱ्या पर्वात आणि अन्य भाषेतल्या रिमेकमध्ये तुमचं काय, आणि इतक्या महिन्यांत मालिका उभी राहिली नाही तर हक्क परत. कॉपीराइट कायद्याप्रमाणे हक्कांचं हस्तांतर लेखी लागतं आणि मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात. म्हणूनच समोरचा ‘कायमस्वरूपी’ हा शब्द घालतो. तो काढणं नवख्या लेखकाला अवघड जातं, पण हक्क परत येण्याची मुदत मागता येते. पैसे टीडीएस कापून आणि उशिरा येतात, हे घरखर्चात धरा.

याच कारणानं बिनपगारी रजा नको. होकार आला तरी संकल्पना ते पहिला भाग यात कितीतरी महिने जातात, अधूनमधून सगळं थंड पडतं, मंजुरी देणारा माणूसच चॅनेल बदलतो. मुंबईत बसून वाट बघण्यापेक्षा कोल्हापुरात पगार घेत वाट बघा. पहिलं बोलणं व्हिडिओ कॉलवर. प्रत्यक्ष बोलावलं तर दिवाळीच्या किंवा मे महिन्याच्या सुट्टीत तीन-चार भेटी एकदम ठरवा, महालक्ष्मी एक्सप्रेसनं रात्री निघा, दोन दिवसांत परत. मालिका मंजूर झाली आणि रोजच्या लेखनात तुम्हाला घेतलं, तेव्हा रजेचा अर्ज लिहा.

पाठवायचं काय, त्याचा क्रम असा: एक ओळ, एकपानी संकल्पना, पात्रं (प्रत्येकी अर्धं पान, तक्त्यातून), पहिल्या वीस भागांची एक-एक ओळ, पहिल्या भागाची संवादांसह पूर्ण पटकथा, उकल. सगळं मिळून तीस-पस्तीस पानं. १४० पानं तुमच्याजवळ राहू द्या, विचारलं की काढायला. नॅरेशन देताना कागद वाचू नका. पंधरा मिनिटं धरा, पहिल्या पाचात चारच माणसं आणा. तुमच्या घरात शालन, शांता आणि शारदा एकत्र नांदतायत. ऐकणाऱ्याला त्या तिघी एकच बाई वाटणार, दोघींची नावं बदला.

पहिला भागही पुन्हा लिहा. आता तो पोलीस जीपच्या दिव्यांनी सुरू होतो. तुमच्याजवळ त्याहून दमदार क्षण आहे, सात वर्षांपूर्वीच्या रात्रीचा, तो पूर्वदृश्य म्हणून वापरा. काकवी दाटलीय, काहील उतरवायची वेळ दोन-चार मिनिटांवर आलीय आणि चाचणी बघणारा गुळव्या जागेवर नाही. जास्त शिजला तर गूळ जळतो, कमी शिजला तर रवा बसत नाही. चुलवणात चिपाड घालणारा हात थांबवतो. थोरला ओरडतो, दिवाणजी वहीत मान घालतात, धाकटी मागच्या दाराकडे बघते, आणि पाण्यात थेंब टाकून बोटांनी गोळी बघायला पुढे होते ती गुळव्याची बारा वर्षांची मुलगी. कोण कसं आहे आणि कुणाला काय ठाऊक आहे, हे संवादाविना दीड मिनिटात कळतं. नऊ जण एका चौकटीत आणायचे तर असल्या क्षणासाठी.

बोलीबद्दल एवढंच: ‘लई भारी’ आणि ‘नाद खुळा’ पेरल्यानं संवाद कोल्हापुरी होत नाहीत. आज्जी आणि गुळव्या पूर्ण बोलीत, मधली पिढी मिसळून, पुण्यात शिकलेला नातू प्रमाण भाषेत, असा उतार ठेवा. आपल्याकडची बाई ‘मी जातो’ म्हणते, मुंबईत वाचणाऱ्याला ती टंकनाची चूक वाटून तो ‘जाते’ करून टाकेल. पात्रपरिचयाच्या वरच तशी सूचना द्या.

आणि चित्रीकरण इकडेच व्हावं असं तुमचं म्हणणं असेल तर ते भावनेनं न मांडता हिशेबानं मांडा. ‘तुझ्यात जीव रंगला’ जवळच्या वसगड्यात उभी राहिली होती, मोरेवाडीला चित्रनगरी आहे, लहान भूमिकांना इथले रंगकर्मी मिळतात. विरुद्ध बाजूला मुख्य कलाकारांचा राहण्या-जाण्याचा खर्च आणि पावसाळ्याचे चार महिने. गुऱ्हाळं साधारण दिवाळीच्या सुमाराला पेटतात आणि उन्हाळ्यापर्यंत विझतात. त्यामुळे संकल्पनेच्या शेवटी एक ओळ जरूर घाला: धगधगत्या चुलवणाचं, काहिलीचं आणि वाफ्यात ओतल्या जाणाऱ्या गुळाचं चित्रीकरण नोव्हेंबर ते मार्चमध्ये एकदम करून साठवावं लागेल, बाकीचं वर्ष बंद गुऱ्हाळाच्या सेटवर निभेल.